क्रूझ केलेला माणूस

पूर्वी दर गावात एक तरी काशी केलेला म्हातारा असे. पंक्तीत त्याला पहिलं पान मिळे, सोयरिकीच्या बोलण्यात त्याचा शब्द शेवटचा ठरे आणि वाटेत भेटलेल्या चोरांची त्याची गोष्ट दरवर्षी वीतभर लांबली तरी कोणी हरकत घेत नसे. पुढे आगगाडी आली, मग विमान आलं. आता सकाळी पुण्यात पोहे खाऊन निघालेला माणूस संध्याकाळच्या आरतीला दशाश्वमेधावर हजर असतो. काशी करण्यातला रुबाब गेला तो गेलाच. पण समाजात अशी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. सध्या तिथे क्रूझ केलेला माणूस बसला आहे.

सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे अकरा डेकचं जहाज मुंबईहून गोव्याकडे जाऊ-येऊ लागलं, तेव्हापासून ही जमात झपाट्याने वाढली. त्याआधीचे जे होते ते सिंगापूरला जाऊन तयार झालेले होते आणि संख्येने कमी असल्यामुळे सुसह्य होते. आता ठाणे, डोंबिवली, नाशिक, कोथरूड, कुठेही लग्नाच्या हॉलमध्ये बुफेपाशी उभे राहा. तुमच्या खांद्यावर हात पडतो आणि कानाशी आवाज येतो, "घाई करू नकोस. आधी प्लेट न घेता एक चक्कर मारायची. सगळं हेरायचं. क्रूझवर आम्ही असंच करायचो." तोच तो.

आमच्या घराण्यात ही जागा भाऊकाकांनी घेतली आहे. बँकेतून ब्रँच मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता शांतपणे ज्ञानेश्वरी वाचतील. मुलाने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दोघांना दोन रात्रींच्या क्रूझवर पाठवलं. त्यातली एक रात्र बोट लागल्यामुळे केबिनमध्ये आडवं पडून गेली, असं काकू सांगतात. काका ते सांगत नाहीत. केबिन उघडायचं प्लास्टिकचं कार्ड मात्र ते अजून पाकिटात एटीएम कार्डाच्या पुढच्या कप्प्यात ठेवतात आणि मेडिकलवाल्याला सुटे देताना ते हमखास बाहेर पडतं. "अरे, हे इथे कसं?" असं म्हणून ते उचलतात. मग मेडिकलवाल्यालाही अकरा डेक ऐकावे लागतात.

खरं तर जहाजप्रवास आमच्या घरात नवा नाही. काकांचे वडील भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गावाला जायचे. डेकवर वळकटी पसरायची, उशाला ट्रंक घ्यायची, बंदराच्या बाहेर बोट उभी राहिली की खपाट्यात उतरून किनारा गाठायचा. वाटेत बंदरं लागायची, खलाशी असायचे, समुद्र तर होताच. पण त्याला क्रूझ म्हणायचं आजोबांना कधी सुचलं नाही, कारण दशम्या घरून न्याव्या लागत. क्रूझची काकांची व्याख्या अगदी नेमकी आहे: पाणी कुठलंही असो, जेवण घरचं नको.

ही व्याख्या त्यांना स्वतःलाच मोडावी लागली, ती काशीत.

घरातली चौदा माणसं हिवाळ्यात काशीला निघाली ती आजीच्या अस्थी आणि काकूंचा नवस या दोन कामांसाठी. काकांनी त्यात तिसरं घातलं. व्हॉट्सअॅपवर 'फॅमिली क्रूझ डे' नावाचा गट निघाला. सुरुवातीला त्यांनी रीतसर पर्याय तपासले. वाराणसीत 2018 पासून अलकनंदा नावाची वातानुकूलित बोट घाटांसमोरून फिरते. ती त्यांनी 'फक्त दोन डेक' म्हणून नापास केली. मग गंगा विलासची चौकशी झाली. 13 जानेवारी 2023 ला वाराणसीहून जी पहिल्या सफरीवर निघाली आणि 51 दिवसांत सुमारे 3200 किलोमीटर कापून बांगलादेशमार्गे दिब्रुगडला पोहोचली, तीच ती. 36 प्रवाशांची सोय. काकांनी कॅल्क्युलेटर काढला, चौदाने गुणलं, 51 ने गुणलं, कॅल्क्युलेटर परत खिशात ठेवला आणि म्हणाले, "एवढे दिवस दूधवाल्याला बंद ठेवणं बरं दिसत नाही."

शेवटी रामघाटावर एक बजडा ठरला. बजडा म्हणजे बनारसची दुमजली नाव: खाली बसायला बाकं, वर मोकळी गच्ची. काकांनी दोन मजले मोजले आणि गच्चीला 'लिडो डेक' हे नाव देऊन अलकनंदेशी बरोबरी साधली.

आमचा मुक्काम रामघाटाच्या वरच्या गल्लीत होता. रामघाट मणिकर्णिका आणि पंचगंगा यांच्या मधे येतो. प्रवासी इथे कमी उतरतात, कारण फोटोत यायला आरती नाही. पण मराठी माणसाला ही सगळी बाजू परकी वाटत नाही. पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, सगळीकडे जुने मराठी वाडे. रामघाटावरच वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. पहाटे तिथली मुलं संथा म्हणू लागली की गल्लीतल्या गाईसुद्धा आवाज न करता उभ्या राहतात. अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेचा, 22 जानेवारी 2024 चा मुहूर्त ज्यांनी काढला, ते गणेश्वरशास्त्री द्रविड याच विद्यालयाचे. तो मुहूर्त 84 सेकंदांचा होता. काकांनी त्याच घाटावर बोर्डिंगसाठी पंधरा मिनिटं दिली होती. शास्त्रीजींचा मुहूर्त साऱ्या देशाने पाळला. काकांचा आमच्या घराने पाळला नाही.

तरी सूचना द्यायला ते कमी पडले नव्हते. वेदपाठ्यांमध्ये घनपाठ म्हणून एक प्रकार असतो. शब्द सुलटे, उलटे, पुन्हा सुलटे असे म्हणत पुढे सरकायचं, म्हणजे एकही अक्षर हरवत नाही. आदल्या रात्री काका खोल्याखोल्यांतून फिरत होते ते थेट तसेच: "उद्या सहाला, सहाला उद्या, उद्या सहाला घाटावर, घाटावर सहाला उद्या, उद्या सहाला घाटावर." फरक इतकाच की विद्यालयातल्या मुलांच्या ते लक्षात राहतं.

सकाळी सव्वासहाला निम्मे लोक घाटावर होते, उरलेले पंचा शोधत होते. पंचे हरवले नव्हते. क्रूझवर केबिन साफ करणारा पोरगा टॉवेलाचे हत्ती, माकडं, हंस करून पलंगावर ठेवतो, हे काकांच्या मनात ठसलेलं. त्यांनी पहाटे चारला उठून आमच्या सगळ्या पंच्यांचे हत्ती केले होते. गंगेत स्नान करून आलेले साडूकाका कुडकुडत उभे, आणि धाकटा नातू हत्ती छातीशी धरून हटायला तयार नाही. "त्याचा आंघोळीला वापर करायचा नसतो," असं काकांनी साडूंनाच समजावलं. साडूकाका शेवटी उन्हावर वाळले. ऊन यायला तासभर होता.

मग घाटाच्या पायऱ्यांवर सेफ्टी ड्रिल झाली. लाइफ जॅकेट घालून आम्ही चौदा जण ओळीत, आणि काका शिट्टी तोंडात धरून समोर. सात आखूड, एक लांब. हा जगभरच्या जहाजांवरचा धोक्याचा इशारा आहे, आणि तो काकांनी अचूक वाजवला. शिट्टी ऐकून वरच्या गल्लीतून दोन कुत्री आणि विद्यालयाचे चार बटू खाली आले. आमचा नाविक विडी विझवून हे सगळं पाहत होता. मल्लाहाच्या घरात जन्मलेला, चालायच्या आधी पोहायला शिकलेला माणूस तो. ड्रिल संपल्यावर त्याने काकांना फक्त एवढंच विचारलं, "बाबूजी, पानी यहाँ कमर तक है. चलें?"

आमच्याबरोबर काशीचे गुरुजी होते. मूळ कोकणातले, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच. त्यांची मराठी ऐकण्यासारखी: क्रियापदं आपली, ठेका बनारसचा. "काका, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आराम से बसा. गंगाजी कुठे पळून नाही चालली." काकांना हा माणूस पहिल्या क्षणापासून खटकला. क्रूझवर आराम असतो हे खरं, पण तो वेळापत्रकाप्रमाणे असतो.

जहाज बंदर सोडतं तेव्हा डेकवर गाणी लावायची पद्धत असते. काकांनी ब्लूटूथचा स्पीकर काढला. गुरुजींनी हाताने पलीकडे दाखवलं, "तो पहा बालाजी घाट. तिथल्या मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेब रियाज करायचे. सनई." काकांनी आवाज थोडा कमी केला आणि आदराने विचारलं, "लाइव्ह?"

नाव सुटली. काकांनी गच्चीवर चढून जाहीर केलं की आपण प्रवाहाविरुद्ध, म्हणजे दक्षिणेकडे जात असल्याने घाट उजवीकडे, म्हणजेच स्टारबोर्डला येतील. ज्यांनी 'पोर्ट चार्जेस' आधी भरले त्यांना स्टारबोर्ड, उरलेल्यांना वाळू. हा वेगळा आकार होता आणि तो व्हॉट्सअॅपवर शेवटच्या ओळीत, तारांकनाखाली सांगितला होता. वाळूच्या बाजूला बसलेल्या आत्याने मान फिरवून घाट पाहायला सुरुवात केली तेव्हा काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फुकटात पाहण्यावर क्रूझ कंपन्यांनी अजून उपाय काढलेला नाही.

आणि पाहण्यासारखं होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. रामघाटावरून निघालं की पाच-दहा मिनिटांत आपल्या इतिहासाच्या पुस्तकाची सूची समोरून सरकते. गणेशघाट अमृतराव पेशव्यांचा. भोसले घाट नागपूरकरांचा. सिंधिया घाट बायजाबाई शिंद्यांनी बांधला तो इतका भारी की स्वतःच्या वजनाने खचला. तिथलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आजही तिरकं उभं आहे, पाय पाण्यात. पुढे मणिकर्णिका, तिथे अहिल्याबाईंचा हात. मग दशाश्वमेध, त्याच्या बांधणीत नानासाहेब पेशव्यांचं नाव घेतात. आणि या सगळ्यामागे 1780 च्या सुमारास अहिल्याबाईंनी पुन्हा उभं केलेलं विश्वनाथाचं देऊळ. गुरुजी एकेक नाव सांगत होते. रत्नेश्वरापाशी काका म्हणाले, "जहाजाची लिस्ट, म्हणजे कलणं, फार वाढलं की ते सोडायचा आदेश देतात." त्या देवळाला तो आदेश अजून मिळालेला नाही, एवढं मी मनात म्हटलं.

आता न्याहारी. इथे काकांच्या नियोजनाला दाद द्यावी तेवढी थोडी. त्यांनी वेळापत्रकात 'ब्रेकफास्ट, लिडो डेक, प्रस्थानानंतर दहा मिनिटांनी' असं लिहिलं होतं, कारण क्रूझवर तसंच असतं. आणि 'ड्रेस कोड: ऑल व्हाइट', कारण क्रूझवर एका रात्री सगळ्यांनी पांढरं घालायचं असतं आणि फोटो छान येतात. दोन्ही कल्पना वेगवेगळ्या पाहिल्या तर निर्दोष होत्या. पण रामघाटावरून दक्षिणेला निघाल्यावर दहा मिनिटांत कुठला घाट येतो, हे नकाशात पाहायचं राहिलं होतं.

ठठेरी बाजारातून आणलेल्या कचोऱ्या आणि भाजी, दोन्यांत जिलब्या, कुल्हडांत मलइयो. हे मलइयो फक्त थंडीतच मिळतं. आटवलेलं दूध रात्रभर दवात ठेवून घुसळतात आणि वरचा केशरी फेस तेवढा उचलतात. तोंडात टाकलं की नाहीसं होतं, आणि ऊन वर आलं की दुकानातूनही नाहीसं होतं. बाहेरचं जेवण झालं म्हणून काका खुशीत होते. पण काकूंनी न विचारता घरून आणलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि चिवड्याचा मोठा डबा काउंटरवर मांडला, आणि बघता बघता कोकणबोट झाली. काकांनी हार मानली नाही. प्रत्येक डब्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली: 'यात शेंगदाणे आहेत'. चटणीच्या डब्यावरही.

पहिली कचोरी हातात आली आणि धूर आला. मणिकर्णिका. चिता जळत होत्या, लाकडांचे ढीग वरपर्यंत रचलेले, आणि आम्ही चौदा माणसं शुभ्र पांढऱ्या कपड्यांत, गंभीर चेहऱ्यांनी, नावेच्या गच्चीवर उभी. गंभीर अशासाठी की हातातल्या कचोरीचं काय करायचं ते कोणालाच कळेना. घाटावरचा एक माणूस पायरी उतरून पुढे आला आणि आमच्या नाविकाला अतिशय आदबीने म्हणाला, "मिट्टी पीछे की नाव में आ रही है का?"

मिट्टी म्हणजे प्रेत. नाविकाने आमच्याकडे वळून पाहिलं. चौदा पांढरे कपडे, चौदा कचोऱ्या. "नाहीं भइया," तो म्हणाला, "ई लोग नाश्ता करत हैं."

कोणी हसलं नाही, कारण हसायची ती जागा नव्हती. मी आतल्या आत इतका हसलो की जिलबीचा दोना थरथरत होता. आत्याने कचोरी खाली ठेवली आणि विचारलं, इथे खाल्लेलं चालतं का? गुरुजी शांतपणे भाजी वाढून घेत होते. "ताई, काशीला महाश्मशानच म्हणतात. इथे जो जेवतो तो याच्या शेजारीच जेवतो. थंड होईल, खा." आत्याने खाल्ली. सांगायला हरकत नाही, मीही खाल्ली, आणि तशी कचोरी मी पुन्हा खाल्लेली नाही. काका मात्र तेवढा वेळ तोंड वाळूकडे करून उभे होते. फोटोग्राफरला त्यांनी सूचना दिली होती की ऑल व्हाइटचा ग्रुप फोटो ब्रेकफास्टच्या वेळी घ्यायचा. तो झाला नाही. चितांचे फोटो इथे काढू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

थोडं पुढे गेल्यावर पक्षी आले. थंडीत गंगेवर पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. नाविक त्यांना सरसकट सायबेरियन म्हणतात आणि 'आऽ आऽ' करून बोलावतात. काकांचे डोळे चमकले. सीगल! सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी क्रूझच्या माहितीपत्रकातलं समोर आलं होतं. इतर नावांमधले लोक शेव उधळत होते. पक्ष्यांना शेव घालू नये असं जाणकार कळवळून सांगतात. काकांनी ते मानलं आणि शेवेऐवजी बाकरवडी टाकली. एका कुरवाने ती हवेतल्या हवेत झेलली, दोन घिरट्या घातल्या आणि दशाश्वमेधासमोर पाण्यात सोडून दिली. "पुण्याबाहेर कोणाला कळत नाही," काका म्हणाले. मग चिवड्याच्या डब्यावर झडप पडली तेव्हा मात्र त्यांना शिट्टी वाजवावी लागली. सात आखूड, एक लांब.

'पोर्ट ऑफ कॉल' म्हणजे रामनगर. गंगेच्या पलीकडच्या तीरावर काशीनरेशांचा किल्ला, 1750 च्या सुमारास राजा बलवंतसिंहांनी चुनारच्या दगडात बांधलेला. आत जुन्या मोटारी, पालख्या, हत्तीचे हौदे, तलवारी आणि एक मोठं ज्योतिषी घड्याळ. उतरण्याआधी काकांनी सगळ्यांच्या छातीवर लाल गोल टिकल्या चिकटवल्या. गट क्रमांक एक. गट एकच होता. आणि सक्त ताकीद दिली: "साडेअकराला ऑल अबोर्ड. जहाज कोणासाठी थांबत नाही. क्रूझवर एक जोडपं धावत आलं होतं, धक्क्यावरच राहिलं." हे जोडपं प्रत्येक क्रूझ केलेल्या माणसाने पाहिलेलं असतं. सगळ्यांचं एकच असावं.

साडेअकराला तेरा जण नावेत होते. काकू नव्हत्या. काकांनी घड्याळ पाहिलं. अकरा बत्तीस. त्यांच्या कपाळावर तत्त्व आणि संसार यांची झटापट स्पष्ट दिसत होती. शेवटी बँकेने घडवलेला माणूस जिंकला. "सोडा," ते नाविकाला म्हणाले. नाविकाने बांबू जागचा हलवला नाही. "माताजी के बिना नाव नहीं खुलेगी, बाबूजी." "नियम आहे." "नियम आपका है, नाव हमारी है." सागरी कायद्याचं इतकं स्वच्छ विवेचन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

काकू बारा वाजता आल्या. सावकाश, लाकडी रंगीत खेळण्यांची पिशवी एका हातात, आणि मागून लस्सीवाल्याचा पोरगा कुल्हडांची परात घेऊन. रामनगरची लस्सी प्रसिद्ध आहे, वर रबडीचा थर. पहिला कुल्हड त्यांनी नाविकाला दिला. काका म्हणाले, "आम्ही जाणार होतो." काकू म्हणाल्या, "जायचंत की. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे." आणि दुसरा कुल्हड त्यांनी काकांच्या हातात ठेवला.

परतताना घाट डावीकडे आले, म्हणजे ज्यांनी पोर्ट चार्जेस भरले होते त्यांच्यासमोर वाळू. काका हिशेबाला पक्के. त्यांनी सगळ्यांना बाजू बदलायला सांगितली. चौदा माणसं एकाच वेळी उठून एकाच दिशेने गेली की बजड्याचं काय होतं, ते रत्नेश्वराला विचारावं. नाविक त्या दिवसात पहिल्यांदाच ओरडला. आम्ही जागच्या जागी बसलो. त्यानंतर एकही सूचना आली नाही.

त्या शांततेत गुरुजींनी बोलायला सुरुवात केली. म्हणाले, काका, बनारसला पाण्यावर जेवणं नवीन नाही. होळीनंतर मंगळवारी इथे बुढवा मंगल व्हायचा. राजाचे, रईसांचे बजडे सजवून गंगेत यायचे, एकमेकांना बांधायचे. वर गालिचे, झुंबरं, रात्रभर ठुमरी आणि चैती, ठंडई, पान, मिठाई. भारतेंदु हरिश्चंद्र, इथलेच चौखंब्याचे, या मेळ्याचे मोठे शौकीन. आणि गरिबाचं क्रूझ म्हणजे बहरी अलंग. दुपारी नाव घ्यायची, पलीकडच्या वाळूवर जायचं, भांग घोटायची, कपडे धुवायचे, त्याला साफा-पानी म्हणतात. मग स्नान, मग गोवऱ्यांवर बाटी भाजायची, वांग्याचा चोखा करायचा. परत कधी यायचं? भूक लागली की. नाही लागली तर नाही.

"वेळ ठरलेली नसायची?" काकांनी विचारलं.

"वेळ ठरवायला घड्याळ लागतं. ते वाळूत हरवतं."

"आणि किती पैसे?"

"ज्याच्याकडे असतील त्याच्याकडे."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता ते म्हणतील की आपण चुकलो. पण ही जमात अशी सहजासहजी बदलत नाही, आणि बदलू नये असंच माझं मत आहे. अशी माणसं नसती तर आमच्या घरातली चौदा माणसं एका दिवशी एका नावेत बसली नसती. प्रत्येकाने आपापल्या खोलीत मोबाइलवर आरती पाहिली असती. नियोजनाचा हा छळ सोसणारे आम्ही सगळे मुकाट मागून चाललो होतो ते प्रेमापोटी नव्हे. दुसरं कोणी नाव ठरवणार नव्हतं म्हणून. काका अखेर म्हणाले, "वाळूवर बाटी म्हणजे लाइव्ह काउंटर झाला. पण डेक चेअर लागतील."

रामघाटाला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. अस्थी आधीच्या दिवशी विसर्जित झाल्या होत्या, नवस फिटला होता, क्रूझही झाली. घोडं गंगेत न्हालं. गुरुजींनी प्रथेप्रमाणे विचारलं, काशीत काही सोडणार का? लोक इथे एखादं फळ, एखादी भाजी कायमची सोडतात. काकांनी डोळे मिटून ड्रॅगन फ्रूट सोडलं. ते त्यांनी आयुष्यात एकदाच खाल्लं होतं, कुठे ते सांगायला नको. काकूंनी पहाटेचा वेक-अप कॉल सोडला. गुरुजींना संकल्पात त्याला संस्कृत शब्द सापडेना, म्हणून त्यांनी 'इत्यादि' म्हणून वेळ निभावून नेली.

तुमच्याही घराण्यात असा माणूस असेल आणि त्याने काशीत नाव काढायची ठरवली असेल, तर अडवू नका, जा. फक्त थोड्या गोष्टी पाहून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान जा. पावसाळ्यात गंगा चढली की नावा बंद ठेवतात. नाव ताशी ठरवू नका, फेरीवर ठरवा आणि दर निघायच्या आधी पक्का करा. लाइफ जॅकेट न लाजता मागून घ्या. मलइयो हवं असेल तर ऊन चढायच्या आत गल्ली गाठा. आणि न्याहारी रामघाटावरच उरका. नावेतच करायची असेल, तर निदान पांढरे कपडे तरी घालू नका.